उलटा आलेख

सून काय काम करते असं कोणी विचारलं, की नाना सांगायचे, "ऑफिसात काहीतरी आकडे मांडते." घरोघरी कोणती यंत्रं विकली जातात आणि कोणती दुकानात धूळ खात पडतात, याचा ती अभ्यास करायची. तिचे अहवाल वाचून मोठमोठे व्यापारी माल भरायचे. पण पिकतं तिथे विकत नाही, तशातली गत.

छापखान्यातून निवृत्त झालेल्या नानांना एका नव्या कंपनीनं भुरळ घातली होती. घरी डिस्क लावून सिनेमे बघायचे दिवस परत येताहेत, आमच्या नव्या प्लेअरमध्ये पैसे गुंतवा आणि वर्षात दुप्पट न्या, असं कंपनीचं म्हणणं. प्लेअरची विक्री कधीपासून घसरते आहे, हे सुनेनं जेवताना सांगून पाहिलं. नानांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं.

"कंपनीच्या सभेला तू जाच त्यांच्याबरोबर," सासूबाई तिला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "ऐकत नाहीत तर नाही, निदान हात तरी धरशील."

रविवारी सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठाखाली चेक टाकायची पेटी, मागे मोठा पडदा. सुटाबुटातल्या वक्त्यानं पडद्यावर विक्रीचा आलेख आणला. रेघ झोकात वर चढत गेलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी खिशातला चेक बाहेर काढला.

सुनेची नजर मात्र रेघेवरच्या एका टेंगळावर खिळली. ते टेंगूळ तिच्या ओळखीचं होतं. एका वर्षी दुकानदारांनी जुना माल निम्म्या किमतीत काढला, तेव्हा विक्री जराशी उसळली होती. पण तिच्या आलेखात ते डावीकडे होतं आणि इथे उजवीकडे. चोरांनी तिचाच आलेख आरशात धरल्यासारखा उलटा केला होता आणि खालची वर्षं पुसून टाकली होती.

ती उभी राहिली. या आलेखात वर्षं का नाहीत, असं तिनं विचारलं. वक्ता हसून म्हणाला, बाईंना बाजारातलं फारसं कळत नसावं.

"हा आलेख मी काढलाय," ती म्हणाली. "तुम्ही तो उलटा लावलाय."

तिनं फोनवर मूळ अहवाल उघडला आणि शेजारच्यांना दाखवला. फोन या हातातून त्या हातात फिरू लागला, तशी कुजबुज वाढली. कारखाना कुठे आहे, असं कोणीतरी विचारलं. वक्ता घोटभर पाणी प्यायला. शेवटी फोन नानांकडे आला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला, मग पडदा पाहिला. त्यांनी हातातल्या चेकचे दोन तुकडे केले आणि ते उठले.

"माझी सून आहे ती," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "आधी तिला उत्तर द्या."

वक्ता मागच्या दारानं सटकू पाहत होता. पहिल्या रांगेतल्या निवृत्त हेडबाईंनी दारातच खुर्ची टाकून बैठक मारली. पोलीस येईपर्यंत लोकांनी पेटी उघडून आपापले चेक परत घेतले होते. एकाचंही नुकसान झालं नाही.

मग सगळे सुनेभोवती जमले. कोणाच्या भावानं कशात पैसे घातले होते, कोणाच्या जावयानं कशात. नाना छापखान्यातल्या जुन्या आवाजात ओरडले, "रांग लावा, एकेकानं विचारा." त्यांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढली.

ती बसली आणि पहिल्या माणसाला म्हणाली, "हं, बोला काका."