लोभ असावा

सराफ्यातल्या चांदीच्या दुकानाचे मेल प्रणोतीच लिहायची. बाकी सगळे हिंदीत, पुण्याच्या एका व्यापाऱ्याला तेवढा मराठीत. आई गेल्यापासून मराठी लिहायला तिच्याकडे तेवढीच जागा उरली होती. म्हणून पैंजणांचे नमुने, माल निघाल्याची खबर असं सगळं नीट लिहून झालं, की शेवटी ती न चुकता घालायची, ‘लोभ असावा, ही विनंती.’

एक दिवस मालकांनी मागे उभं राहून ते वाचलं.

“दीदी, पार्टी को लालच करने बोल रही हो?”

“नहीं भैयाजी, हमारे में लोभ मतलब प्रेम.”

“पार्टी से?” मालक खरोखरच चक्रावले.

त्यांचंही बरोबरच होतं. तिनं हसून ती ओळ काढली, ‘आपली नम्र’ लिहिलं आणि मेल पाठवून दिला. मग दिवसभर तिचं लक्ष कॉम्प्युटरकडेच. ओळ गेलेली पुण्याच्या माणसाला जाणवेल, निदान तो विचारेल तरी, असं तिला काहून वाटत होतं कोण जाणे.

संध्याकाळी उत्तर आलं, ‘ऑर्डर कन्फर्म. थँक्स.’

तिनं त्याची जुनी उत्तरं एकेक करून उघडली. प्रत्येकात तेवढंच होतं.