गैबीसाबने धुतलेला दगड

हेडमास्तरांनी शुक्रवारी दुपारी चारची मुदत दिली होती. तोवर नळीतला पारा चढला नाही, तर तो हवेचा दाब मोजायच्या यंत्रात परत जाणार आणि गुरुसिद्धप्पा मास्तरांचं संशोधन संपणार.

मास्तरांनी चांद्याच्या कोळशाच्या खाणीतून शेल नावाचा काळसर, पापुद्र्यांचा खडा मागवला होता. त्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात आणि ती जितकी बारीक तितका वायू घट्ट धरतात, असं त्यांचं म्हणणं. पाऱ्यावर उपड्या नळीत वायू कोंडायचा, खडा आत सोडायचा. खडा वायू गिळेल तसा पारा चढणार. अख्ख्या सोलापुरात हे ऐकून घेणारा एकच माणूस होता, शाळेचा शिपाई गैबीसाब. तो पगारी होता.

नऊ महिने पारा हलला नव्हता.

शुक्रवारी सकाळी मास्तर वैतागले. "गैबीसाब, हा खडा घोटभरही वायू पीत नाही!"

"कसा पिईल, मास्तर? रोज सकाळी बादलीत बुडवून धुतो की मी. शाळेची वस्तू हाय."

म्हणजे भोकं आधीच पाण्यानं भरलेली; वायूला जागाच नव्हती. मास्तर स्टुलावर बसले. कामचुकारांवर कसं रागवायचं ते त्यांना ठाऊक होतं; कामसू माणसाचं काय करायचं?

"पाणीच काढायचं ना? मग आमच्या बिबीजानकडं चला."

गैबीसाबच्या बायकोची बाजारात फुटाण्यांची भट्टी होती. तिनं खडा तापल्या वाळूत पुरला. मास्तरांनी घड्याळ काढलं.

"ते ठेवा खिशात. आत पाणी हाय तवर आवाज येतो. ऐका की."

मास्तरांनी कान दिला. खरंच, बारीक चुरचुर येत होती. दोन तासांनी बिबीजान म्हणाली, "गप झाला बगा. वाळूसकट न्या. हवा लागली तर फुटाण्यावानी सादळंल."

मास्तरांच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात हेच तीन पानं भरून होतं, आणि ते त्यांना कळलं नव्हतं.

तापला खडा त्यांनी पाऱ्यातच दाबून गार केला, मग नळीत सोडला. चार वाजता हेडमास्तर आले. पारा सरकला. बोटभर चढला, मग दोन बोटं.

"वायू गेला कुठं?"

"दगडात, सर."

"मावला?"

"मावला."

हेडमास्तरांनी चष्मा तीनदा पुसला. "पारा राहू द्या," म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे हार-तुरेच.

मास्तरांनी वहीत साधनांची यादी केली: नळी, पारा, बिबीजान. मग ओशाळून तिसरं नाव खोडलं आणि वर, मार्गदर्शकाच्या रकान्यात, ठळक अक्षरांत लिहिलं.