रुमालाआडचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना हातपंखा आहे. मला वीज लागत नाही, मनगट लागतं. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि त्याला खाली पिना मारून बसवलेली पातळ लाकडी पट्टी, एवढंच माझं शरीर. माझ्या कडा आता झिजल्या आहेत. एक कोपरा उंदरांनी चाखून पाहिला आहे. पण माझ्या अंगावर छापलेला चेहरा अजून शाबूत आहे, आणि त्या चेहऱ्याविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे.

माझा जन्म अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टॅलो क्रीक नावाच्या गावात झाला. उन्हाळ्यात आमच्या चर्चमध्ये माणसं घामाने भिजून जात, म्हणून प्रत्येक बाकावर पंखे ठेवलेले असत. ते फुकट देई गावातला अंत्यविधीचं काम करणारा बीझली. एका बाजूला मेंढपाळाच्या रूपातला प्रभू आणि दुसऱ्या बाजूला बीझलीच्या दुकानाचं नाव, अशी वर्षानुवर्षांची रीत होती. माझ्या वेळी मात्र प्रभूच्या जागी एका काळ्या बाईचा चेहरा छापून आला. रुंद कपाळ, मिटलेले ओठ आणि समोरच्याकडे सरळ पाहणारे डोळे.

ती होती ल्युवेनिया स्पाइव्ही. रुळांपलीकडच्या आमच्या वस्तीत तिचं केशभूषेचं छोटं दुकान होतं. तिच्या डोक्यावर कोणी गोरा मालक नव्हता, त्यामुळे तिला कामावरून काढून टाकण्याची धमकी कोणी देऊ शकत नव्हतं. गावच्या नगरसभेत तोवर एकही काळं माणूस बसलेलं नव्हतं, बाई तर दूरच. नगरसभेची नळाची पाइपलाइन रेल्वेच्या रुळांपर्यंत येई आणि तिथेच थांबे. पलीकडे आमच्या वस्तीला एक हातपंप, तोही उन्हाळ्यात गढूळ. ल्युवेनियाला ती पाइपलाइन रुळांच्या पलीकडे आणायची होती. म्हणून ती निवडणुकीला उभी राहिली.

आमचे गठ्ठे चर्चमध्ये आले तेव्हा चर्चचा कारभार पाहणाऱ्या म्हाताऱ्या डीकन अमोसनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"बीझली, पुढून मत मागतोस आणि मागून शवपेटी विकतोस होय रे?"

"दोन्हींची गरज प्रत्येकाला आहे, डीकन," बीझली म्हणाला. "फक्त तुम्ही आधी मत देऊन घ्या, मग निवांत या माझ्याकडे."

बाकांवर हशा पिकला. ल्युवेनिया मात्र हसली नाही. मला हातात धरून ती हळूच म्हणाली, "देवाच्या जागी माझं तोंड छापलं. मला हे बरं वाटत नाही, मदर."

मदर म्हणजे मदर ओडेसा प्रूइट. आमच्या चर्चमध्ये वडीलधाऱ्या, व्रतस्थ बायकांना मदर म्हणत आणि त्या पांढऱ्या पोशाखात पहिल्या बाकावर बसत. मदर ओडेसा दर बुधवारी दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नसत. त्यांचा हा नेम कधी मोडल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"अगं, पंख्यावरून उतरवला म्हणून देव काही चर्च सोडून जात नाही," त्या म्हणाल्या. "त्याने तुला जागा करून दिली आहे. आता मुकाट्याने उभी राहा."

आणि मला उचलून त्यांनी आपल्या पिशवीत ठेवलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

मतदान ऑगस्टमधल्या एका मंगळवारी होतं. मदर ओडेसांनी त्या दिवसासाठी वेगळा नेम धरला: मत पेटीत पडेपर्यंत अन्न नाही आणि पाणी नाही. त्यांची सून कुरकुरली, "आई, वय बघा, ऊन बघा." त्यांनी उत्तर म्हणून हॅट चढवली आणि हॅटसोबत, सवयीप्रमाणे, मला उचललं.

मित्रांनो, त्या दिवशीची चूक त्या सवयीतच होती. आमच्याकडच्या बाईने चर्चची हॅट डोक्यावर ठेवली की तिचा दुसरा हात आपोआप पंख्याकडे जातो. मत द्यायला जायचं म्हणून सगळ्याजणी चर्चला जाताना नटाव्यात तशा नटल्या होत्या. साहजिकच सगळ्यांच्या हातात पंखे होते. कोर्टाच्या इमारतीपाशी रांग लागली तेव्हा त्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ल्युवेनियाचा चेहरा हलत होता, आणि यात काही वावगं आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ध्यानात आलं ते केंद्रावरच्या अधिकाऱ्याच्या. क्रू नावाचा तो लाल मानेचा माणूस दारातून बाहेर आला आणि त्याने जमिनीवरच्या खडूच्या रेघेकडे बोट दाखवलं.

"या रेघेच्या आत उमेदवाराचं चित्र चालत नाही. कायदा आहे. ते पंखे रस्त्यापलीकडे टाकून या आणि मग रांगेच्या शेवटी उभ्या राहा."

रांगेचं शेवटचं टोक कोपऱ्यावरून वळून दिसेनासं झालं होतं. आता जी मागे जाईल तिची पाळी येण्याआधी दार बंद होणार, हे सगळ्यांना कळत होतं. आणि ही रांग मोडली तर ल्युवेनिया हरणार, हेही.

"आम्ही कुठे प्रचार करतोय? उकडतंय म्हणून वारा घेतोय," मागून कोणीतरी म्हणालं.

"वारा घ्यायला माझी हरकत नाही. तिच्या तोंडाने घेऊ नका."

तरुण मुलं चिडली. एकाने बाह्या सरसावल्या. क्रूला बहुधा तेच हवं होतं. तो मदर ओडेसांसमोर येऊन उभा राहिला.

"ओडेसा, तू तरी शहाणी आहेस. चल, हो बाहेर."

"मिसेस प्रूइट म्हणा," मदर शांतपणे म्हणाल्या. "तुमची आई मला ओडेसा म्हणायची, कारण मी तिचे कपडे धूत होते. तुमचं काही मी धुतलेलं नाही."

रांगेत खसखस पिकली. क्रूची मान आणखी लाल झाली.

"पण कायद्याचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे," मदर पुढे म्हणाल्या. "चूक आमची आहे. चित्र दिसता कामा नये, इतकंच ना?"

"इतकंच."

"मग थोडं थांबा."

चर्चमध्ये बाकावर बसताना मांडीवर अंथरायला आमच्या बायका पांढरा लेसचा रुमाल जवळ बाळगतात. मदर ओडेसांनी पिशवीतून तो काढला, झटकला आणि माझ्या तोंडावरून ओढून घेतला. हॅटची एक पिन काढून त्यांनी तो खाली पट्टीजवळ घट्ट टोचला. मला एकदम काही दिसेनासं झालं. मग माझ्या मागे, पुढे, लांबवर कापड झटकल्याचे आवाज येऊ लागले. ज्यांच्याजवळ रुमाल नव्हते त्यांनी हातमोजे उलगडले, कोणी डोक्याचा स्कार्फ सोडला. एका लेकुरवाळीने बाळाचा लंगोट चढवला.

"धुतलेला आहे गं," ती शेजारणीला म्हणाली. "नाक मुरडू नकोस."

पुढे काय दिसत होतं ते मला नंतर ल्युवेनियाच्या दुकानात ऐकायला मिळालं. उमेदवाराला रेघेच्या आत यायला परवानगी नव्हती, म्हणून ती बीझलीबरोबर रस्त्यापलीकडे एका झाडाखाली उभी होती. पंख्यांवरचे तिचे चेहरे एकामागून एक पांढरे होत गेले. बीझलीचा जीव खालीवर झाला. "पांढरं निशाण दाखवलं. शरण गेल्या की काय सगळ्या?" ल्युवेनिया डोळ्यांवर हात धरून बघत राहिली आणि मग म्हणाली, "पंख्याकडे नको बघूस, पायांकडे बघ. एकीचाही पाय हललेला नाही."

क्रूने प्रत्येक पंख्यापाशी थांबून वाकून पाहिलं. पांढऱ्या कापडाविरुद्ध त्याला काही करता येईना. तो आत निघून गेला.

दुपार कलली तसं मदर ओडेसांचं बोट पट्टीवरून निसटू लागलं. सून पाण्याची बाटली पुढे करी आणि त्या मान हलवत. "मत पडू दे," एवढंच म्हणत. अखेर एका पायरीवर त्यांचा पाय अडखळला, मग दुसऱ्या पायरीवर सावरला, आणि आतल्या गारव्याने माझ्यावरचा रुमाल थंड झाला. मला काखेत धरून त्यांनी पेन्सिल उचलली. ज्या क्षणासाठी मला छापलं होतं, तो मी पाहिला नाही. मी फक्त ऐकला: कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज, घडी, आणि लाकडी पेटीत काहीतरी हलकं पडल्याचा आवाज. बाहेर येऊन त्यांनी बाटलीभर पाणी एका दमात संपवलं.

ल्युवेनिया थोडक्यात जिंकली, पण जिंकली.

आता तुम्हाला वाटेल, नळ आला असेल. नाही आला. नगरसभा महिन्यातून एका सोमवारी भरे आणि तिची एक पद्धत असते. एकाने ठराव मांडला की दुसऱ्याने "माझं अनुमोदन आहे" म्हणावं लागतं. तसं कोणी म्हणालं नाही, तर त्या ठरावावर चर्चासुद्धा होत नाही. पहिल्याच बैठकीत ल्युवेनियाने पाइपलाइनचा ठराव मांडला. बाकीचे सभासद छताकडे बघत बसले. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला.

पुढच्या महिन्यात तिने तोच ठराव मांडला, त्याच शब्दांत. पुन्हा छत. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मदर ओडेसा दर बैठकीला मागच्या खुर्चीवर येऊन बसत. इथे चित्राला बंदी नव्हती, म्हणून मी उघड्या तोंडाने हलत असे. एक सभासद एकदा वैतागून म्हणाला, "बाई, तुम्हाला दुसरं काही येतं की नाही?"

"येतं की," ल्युवेनिया म्हणाली. "केस कापता येतात. पण ते तुमचे फारसे उरलेले नाहीत."

घरी परतताना मात्र ती एकदा मदरना म्हणाली, "मदर, मी भिंतीशी बोलते आहे. सोडून द्यावंसं वाटतं."

"तुला बुधवारचं माझं ठाऊक आहे ना?" मदर म्हणाल्या. "भूक दर बुधवारी लागते. मला कुठला चमत्कार दिसतो असं नाही. पण बुधवार आला की मी उपाशी बसते. तू सोमवारी बस."

ती बसली. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तिने पुन्हा ठराव मांडला. कोपऱ्यात बसणारा एक सभासद, गोरा खाटीक टर्नर, जो एरवी बैठकीत डुलक्या घेई, तो खुर्चीत सरळ झाला.

"माझं अनुमोदन आहे," तो म्हणाला. बाकीचे त्याच्याकडे वळले. "बघता काय? ही बाई थांबणार नाही आणि मला घरी जेवायला जायचं आहे. शिवाय, खरं सांगायचं तर, तिचं बरोबर आहे."

चर्चा झाली, ठराव मंजूर झाला आणि त्या हिवाळ्यात रुळांखालून पाइप गेला. पहिला नळ सुरू झाला तेव्हा डीकन अमोसनी त्याखाली डोकंच धरलं, चांगली नवी हॅट असताना. मला त्या वेळी मान मिळाला. चर्चच्या दारापाशी मला खिळ्याला टांगलं आणि येणारे जाणारे माझ्याकडे पाहून मान लववत.

पण मान फार दिवस टिकत नाही, मित्रांनो. मदर ओडेसा गेल्या. चर्चमध्ये विजेचे पंखे आले, मग गार हवेची यंत्रं आली. रंग काढताना मला खिळ्यावरून उतरवलं आणि तळघरातल्या खोक्यात टाकलं. ल्युवेनिया म्हातारी होऊन वारली, तिच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. मी अंधारात पडून राहिलो. उंदीर आले ते तेव्हाच.

गेल्या फेब्रुवारीत शाळेतल्या फाउक्स बाई जुनं सामान शोधत तळघरात आल्या आणि मला वर्गात घेऊन गेल्या. त्यांनी मला उंच धरून विचारलं, "ही कोण?"

एक मुलगा माझी मागची बाजू वाचून म्हणाला, "बाई, ही मेलेली बाई आहे का? मागे शवपेटीवाल्याचं नाव आहे."

वर्ग हसला. मुलाचं काही चुकलं नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण मला जी भीती उंदरांची वाटली नव्हती ती त्या क्षणी वाटली. चेहरा शाबूत राहूनही माणूस पुसलं जाऊ शकतं.

फाउक्स बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि खडूच्या रेघेपासून खाटकाच्या जेवणापर्यंत, लहानपणी ऐकलेलं सगळं सांगितलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मग त्यांनी प्रत्येकाला एक पुठ्ठा आणि एक काठी दिली. "तुमच्या घरातली, तुमच्या गल्लीतली, जी बाई मागे हटली नाही तिचा चेहरा काढा. मागे ती काय करते ते लिहा."

कोणी बस चालवणारी मावशी काढली, कोणी रात्रपाळीची नर्स. मघाशी हसवणाऱ्या मुलाने आपली आजी काढली, तिच्या हॅटला पुठ्ठ्यावर जागा पुरली नाही. इमानी नावाच्या मुलीने मात्र कडेने नीट चौकट आखली आणि आतला भाग कोरा ठेवला.

"हे काय, इमानी? कोणी सुचलं नाही?" बाईंनी विचारलं.

"सुचलं ना. मी आहे ही."

"मग मागे काय लिहिणार? तू काय करतेस?"

"अजून ठरलं नाही," इमानी म्हणाली. "तोवर जागा धरून ठेवली आहे."

मित्रांनो, आता मी त्या वर्गातल्या फळीवर, या नव्या पंख्यांच्या शेजारी असतो. माझं मागणं थोडंच आहे. घरातली जुनी वस्तू फेकताना ती कोणाच्या हातात असायची, एवढं एकदा विचारा. ज्यांनी तुमच्यासाठी रांग सोडली नाही, त्यांची नावं तोंडाने घेत राहा, कारण पुठ्ठा किती दिवस पुरणार? आणि तुमच्या वर्गात, तुमच्या गावात, एखादी मुलगी अशी जागा धरून बसलेली दिसली, तर तिला तिथून उठवू नका.