घदामिसच्या गल्लीत ऊन

१९५६ साल. त्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात माझा थोरला भाऊ यूशा गच्चीवरून कायमचा खाली उतरला.

लिबियाच्या वाळवंटातल्या आमच्या घदामिसमध्ये गच्च्या बायकांच्या. एका घरावरून दुसऱ्या घरावर, जमिनीला पाय न लावता आम्ही अख्खं गाव फिरायचो. खालच्या गल्ल्या पुरुषांच्या, आणि त्यांच्यावरही घरं बांधलेली. त्यामुळे तिथे भर दुपारी गारवा आणि अंधार. छताला कुठेतरी एखादा झरोका, तेवढाच उजेड. मुलगे लहान असेपर्यंत वर आमच्यातच खेळत. यूशाच्या ओठावर लव दिसू लागली, शेजारणी त्याला बघून डोक्यावरून चादर ओढू लागल्या, आणि बाबा म्हणाले, "आता पुरे. उद्यापासून खाली."

वरच्या सगळ्या खेळांचा म्होरक्या तोच होता. तो गेला आणि आमची सुट्टी बेचव झाली. खाली त्याच्या वयाचं कुणी नव्हतं. रिकामपणात त्याने मळ्यातली गाढवं सोडली, आणि शेजारच्या हाजी कासिमांच्या बागेच्या पाळीचं पाणी भलत्याच बागेत वळवलं. आमच्याकडे ही लहान गोष्ट नव्हे.

"आणखी एक तक्रार आली," बाबा म्हणाले, "की याला त्रिपोलीला काकाच्या दुकानात धाडतो. शाळा पुरे झाली."

यूशा वर्गात पहिला यायचा. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी आजीची बहीण, लल्ला तमू, झरोक्यावर ओणवी झाली.

"यूशा, आहेस का रे खाली, की गाढवांतच राहायला गेलास?"

"आहे. काय हवंय?"

"ऊन हवंय. बैठकीवर पोचवून दे."

बैठक म्हणजे म्हाताऱ्या पुरुषांची बसायची जागा. झरोक्यापासून दोन वळणांपलीकडे, गावातल्या सर्वांत काळोख्या कोपऱ्यात. तिथे ऊन कधीच गेलं नव्हतं.

"डोकं फिरलंय का लल्ला तुझं?"

"ते लग्नातच फिरलं. तुझं चालतं का बघू."

आमच्या घरांच्या भिंतींवर आरसेच आरसे असतात, लग्नात आलेले. लल्लाने आपले काढले आणि टोपलीत घालून दोरीने खाली सोडले.

"फुटले तर?" मी विचारलं.

"फुटू देत. नवरा गेल्यापासून त्यात एकटी मीच दिसते. कंटाळा आलाय मला माझा."

मग काय सुट्टी झाली ती! चुलतबहीण रुकय्या चौदा वर्षांची, ती वर झरोक्याच्या काठाशी. तिच्या आरशातून ऊन खाली यूशाकडे. त्याच्याकडून पहिल्या वळणावर आमच्या धाकट्या भावाकडे, हमीदकडे. आणि दुसऱ्या वळणावर मी. मी लहान, मला खालीही मुभा होती. कितीतरी दिवस ऊन हमीदपर्यंतच पोचायचं, कारण त्याला मध्येच नाक खाजवायचं असायचं. यूशाने चिखलमातीचे ओटे करून आपला आणि हमीदचा आरसा त्यांवर रोवला; शेवटचा माझा, तो हातातच. सूर्य सरकतो तसा फक्त रुकय्याने आपला आरसा फिरवायचा, बाकीच्यांनी हलायचं नाही, हेही त्यानेच शोधलं.

"रुकय्या, झोपलीस का? डावीकडे घे."

"तू ये वर आणि धर."

"येऊ देत नाहीत ना," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

एका सकाळी मी माझ्या वळणावर बसले होते. बैठकीवरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"तुझ्या पोराने काल पाटातली माती उकरून नेली," हाजी कासिम म्हणत होते. "पाट फुटला असता."

बाबा म्हणाले, "उद्या ट्रक निघतोय. बसवून देतो त्यात."

ती माती आमच्या ओट्यांसाठी होती. मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझा आरसा पेटला.

दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. काळोखातून एक पांढरी काठी सरळ माझ्या हातात आली. तिच्यात धूळ तरंगत होती, अगदी सावकाश, जणू ती नेहमीच तिथे होती आणि आम्हीच आंधळे होतो. मी आरसा वळवला. ऊन बैठकीच्या भिंतीवर पडलं. चुन्यावर कुण्या जुन्या गवंड्याची पाच बोटं उमटलेली दिसली. सगळे म्हातारे तिथे वर्षानुवर्षं टेकून बसत. ती बोटं कुणी पाहिली नव्हती.

बाबा उठले. त्यांनी उजेडात हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग ते त्या उजेडाच्या कडेकडेने, त्यावर सावली पडू न देता, माझ्याजवळून, हमीदजवळून चालत यूशापर्यंत गेले. मी मागे गेले. यूशा मान वर करून झरोक्याकडे बघत होता.

"यूशा," बाबा म्हणाले.

"बाबा, जरा बाजूला व्हा. ऊन अडतंय."

बाबा बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, लहान मुलासारखे.

मागून हाजी कासिमांचा आवाज आला. "राहू द्या रे ते ऊन अजून थोडा वेळ. माझी पाण्याची पाळी पोरांना द्या हवी तर."

दुसऱ्या दिवशीचा ट्रक यूशाला न घेता गेला.

लल्ला तमू पुढच्या हिवाळ्यात गेली. रुकय्याचं लग्न झालं. तिला पाच मुली. हमीद सभा नावाच्या शहरात शिंपी झाला. यूशा शाळा संपवून त्रिपोलीला गेला, स्वतःच्या मर्जीने, आणि बंदरावर कारकून म्हणून निवृत्त झाला. आता त्याला ऐकू कमी येतं. बाबांनी त्या सकाळबद्दल आमच्याशी कधीच बोलणं काढलं नाही. मी गावाबाहेर बांधलेल्या नव्या वस्तीत राहते. इथे प्रत्येक खोलीला मोठी खिडकी आहे.