जुनी लाइन मेली तेव्हा

कास्त्रो गावातल्या आरोग्य कचेरीचा कारभार बघता बघता एदेल्मीरा बारीआला एकोणीस वर्षं झाली होती. कचेरी म्हणजे बंदराच्या चढावरच्या चार खोल्या. आसपासच्या दहा बेटांवरच्या दवाखान्यांतून पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचे आलेख इंटरनेटवरून इथे यायचे. डॉक्टर ओयार्सून ते बघायचे आणि बाईला बेटावरच ठेवायचं की बोटीत घालून इस्पितळात आणायचं ते सांगायचे. पण वारा जरा चढला की जुन्या कंपनीचं इंटरनेट मान टाकायचं. शेवटी नवी कंपनी ठरली आणि बदलाचं सगळं काम एदेल्मीराच्या गळ्यात पडलं.

"शुक्रवारी जुनी काढा, सोमवारी नवी लावा," डॉक्टर म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"शनिवार-रविवारी बायका बाळंत व्हायच्या थांबतात का, डॉक्टर?"

डॉक्टर चष्मा पुसत बसले. "किती दिवस हवेत तुम्हाला?"

"महिना. दोन्ही लाइनी शेजारी शेजारी चालू ठेवून."

नव्या कंपनीचा नोल्बेर्तो तार जोडायला आला. एदेल्मीराने त्याला माते नावाचा तिकडचा कडू चहा दिला आणि शेजारी स्टूल ओढून बसली. त्याने काळ्या वेष्टनातून एक धागा सोलून काढला. तो तिला आधी दिसलाच नाही. नोल्बेर्तोने खिडकीकडे धरल्यावर उजेडात त्याची बारीक रेघ उमटली.

"एवढाच?"

"एवढाच, डोन्या एदेल्मीरा. काच आहे, बोट लावू नका, घुसेल. दहाही बेटं यातून येतील. अख्खं गाव घातलंत तरी जागा उरेल."

तिला हसू आलं नाही. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. धाग्याची दोन टोकं त्याने यंत्रात समोरासमोर धरली, एक ठिणगी उडाली आणि जोड कुठे होता ते शोधूनही सापडेना.

त्यानंतरचे दिवस ती वही घेऊन हिंडली. कोणत्या वायरीवर काय चालतं, ती तुटली तर काय मुकं होईल, हे तिने भिंतीभिंतीला जाऊन तपासलं. टेलिफोन, दारावरची घंटी, औषधांच्या फ्रिजचा भोंगा, सगळं लिहून काढलं आणि एकेक करून नव्या लाइनवर घेतलं. सगळ्या दवाखान्यांना फोन करून आलेख जिथे पाठवायचा तो नवा पत्ता यंत्रात भरायला लावला. मग एका मंगळवारी भर सकाळी, कुणाचा आलेख चालू नसताना, दहाही दवाखान्यांना सांगून तिने जुनी वायर उपसली आणि प्रत्येकाला चाचणीचा आलेख पाठवायला लावला.

नऊ आले. आलाओ बेटाचा आला नाही.

"मी पत्ता बदलला होता हो, आईशप्पथ," तिथली नर्स ओतीलिया फोनवर रडकुंडीला आली. "तुम्ही सांगितलंत तसाच."

"बदललास ना? मग यंत्रच खोटं बोलतंय. येते मी."

वायर परत लावून ती दुसऱ्या दिवशीच्या बोटीने आलाओला गेली. समुद्र खवळलेला होता. तिला दोनदा उलटी झाली. दवाखान्यात पोचल्यावर ओतीलियाने तिला बटाट्याचा गरम मिल्काओ खाऊ घातला आणि मग दोघी यंत्रासमोर बसल्या. पत्ता दोन जागी भरायचा होता. दुसरी जागा तीन पानं आत दडलेली होती. तिथे जुनाच पत्ता बसून होता. एदेल्मीराने तोही बदलला.

"इथे कोण बघणार होतं?" ओतीलिया म्हणाली.

"कोणीच नाही. म्हणून तर आले."

जुनी लाइन महिनाअखेरीला, तीस तारखेला बंद व्हायची होती. तसं पत्र होतं, त्यावर शिक्का होता. सव्वीस तारखेला दुपारी आलाओहून माक्लोव्हिया नावाच्या कोळिणीचा आलेख सुरू झाला. पहिलंच बाळंतपण, दिवस भरून वर आठवडा झालेला. वाऱ्यामुळे बोट सुटत नव्हती. डॉक्टर पडद्याला डोळा लावून बसले आणि कानाला फोन लावून ओतीलियाला एकेक गोष्ट सांगू लागले.

एदेल्मीरा कागद आणायला आतल्या खोलीत गेली, तर जुन्या पेटीचा हिरवा दिवा तिच्या डोळ्यांदेखत लाल झाला. तिने पेटीला हात लावला. गरम होती, पण लाइन मेली होती. जुन्या कंपनीने ती चार दिवस आधीच तोडली होती.

ती धावत बाहेरच्या खोलीत आली आणि डॉक्टरांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं.

रेघ चालत होती. एकशे बेचाळीस. एकशे अडतीस. एकशे चव्वेचाळीस. मध्ये फट नाही, कंप नाही. पन्नास किलोमीटर पलीकडे, खवळलेल्या पाण्यापार, एका बाईच्या पोटात जे धडधडत होतं, ते त्या न दिसणाऱ्या काचेतून इथे या टेबलावर येत होतं, आणि जुनी लाइन मेली त्या क्षणीसुद्धा ते थांबलं नव्हतं. एदेल्मीराने नकळत छातीवर क्रूस काढला.

"काय झालं?" डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही. बघा तुम्ही."

रेघ दोनदा खाली गेली आणि दोन्ही वेळा सावरली. तिसऱ्यांदा खाली गेली तेव्हा डॉक्टरांनी ओतीलियाला बाईला डाव्या कुशीवर वळवायला सांगितलं. एदेल्मीरा त्यांच्या मागे उभीच राहिली. चारच्या सुमाराला फोनमधून रडणं ऐकू आलं, जाड, घोगरं.

"मुलगी," ओतीलिया म्हणाली. "चांगली दणदणीत आहे. आई म्हणतेय, बापाचा आवाज घेतलाय."

डॉक्टरांनी फोन ठेवला, डोळे चोळले, आणि मग एदेल्मीराने त्यांना आतल्या खोलीतला लाल दिवा दाखवला.

त्यांनी पेटीला हात लावून बघितला. "कधी?"

"अडीचला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुमची नजर पडद्यावरून हलली असती, डॉक्टर. दिव्याची काळजी करायला मी होते."

डॉक्टरांनी स्वतः वाकून पेटीची वायर काढली, गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. बाहेरच्या पडद्यावर दुसऱ्या बेटाचा आलेख सुरू झाला होता.