बांधावर मावेल एवढी खाट

दोघा भावांच्या रानांमधला बांध एके काळी गाडी जाईल एवढा रुंद होता. पण दर नांगरणीला थोरला आपल्या अंगाने थोडा कोरायचा, धाकटा आपल्या अंगाने. कोणी पाहिलं नाही असं दोघांनाही वाटायचं; देवाने पाहिलं असेल तेवढंच. शेवटी बांध असा उरला की शेळीसुद्धा त्यावरून जपून पाय टाकायची. भावांचं बोलणं तर त्याच्याही आधी संपलं होतं.

अशात निसर्ग राखायची योजना आली. बांधावर, पडीक उतारावर नांगर घालू नका, गवत-फुलं वाढू द्या, पाखरं-मधमाश्या नांदू द्या आणि दरवर्षी मोबदला घ्या. वरच्या अंगाच्या बागायतदाराने पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. त्याचा खडकाळ उतार त्याने तसाही कधी कसला नव्हता. तो आता झोपल्या जागी कमवू लागला, आणि धाकट्याची बायको त्याच्याच मळ्यात रोजाने खुरपायला जात राहिली. घरची पेरणी खोळंबली तरी त्याचं बोलावणं आधी. तिला ते रोजाचं काम सोडायचं होतं. मोबदला हाती आला तर सोडता येणार होतं.

घोडं अडलं बांधापाशी. पाहणीला आलेल्या बाईंनी हसत सांगितलं, "बांधावर खाट आडवी मावली पाहिजे. सध्या उशीही मावत नाही." एकट्या धाकट्याने एवढी जागा सोडली तर पेरायचं कशात? दोघांनी निम्मी निम्मी सोडली तर जमत होतं. पण आधी सोडेल तो हरला, हे दोघांच्याही डोक्यात पक्कं.

जावा मात्र पाणी भरताना बोलायच्या, नवऱ्यांच्या माघारी. धाकटीने युक्ती काढली: भावजींना सांगायचं, धाकटा एकटाच बांध रुंद करून सगळा मोबदला लाटणार आहे. पण थोरली नेमाधर्माची. तिच्या तोंडून खोटा शब्द निघायचा नाही.

"मी खरं तेवढंच सांगेन," ती हळूच म्हणाली.

"मग मी आधी खरं करून ठेवते, ताई."

दुसऱ्या दिवशी धाकटी दोरी घेऊन बांधावर गेली. मोजलं, पुन्हा मोजलं, आणि उभी राहून एकटीच हसली. थोरलीने ताट वाढताना नवऱ्याला सांगितलं, जाऊ बांध मोजत होती आणि हसत होती. का हसत होती, म्हणून त्याने विचारलं. ते तिलाच विचारा, म्हणाली. धाकटा एकटाच मोबदला लाटणार, असं धरून थोरला अर्ध्या ताटावरून उठला. उजाडायच्या आत तो फावडं घेऊन बांधाला माती चढवत होता. मग धाकटीने आपल्या नवऱ्याला सांगितलं, भावजी पहाटेच फावडं घेऊन गेले होते. तेही खरंच होतं.

झालं. एकाने हातभर रान सोडलं की दुसरा दोन हात सोडायचा. इतकी वर्षं एकमेकांची माती चोरणारे आता चढाओढीने स्वतःची देऊ लागले. बांध सुटलेल्या पोटासारखा दोन्हीकडे वाढत गेला. शेवटी थोरलीच धास्तावली. "अगं, आवर आता. नाहीतर पेरायला आपल्याला कुंड्या आणाव्या लागतील."

धाकटीने पाहणीच्या बाईंना घाईने बोलावून आणलं. बाईंनी फीत धरली आणि बघतच राहिल्या. खाट सोडा, अख्खं वऱ्हाड झोपलं असतं. हद्द नेमकी कुठे, असं त्यांनी विचारलं. दोघा भावांनी एकाच वेळी बोटं दाखवली, दोन वेगळ्या जागी. बाई म्हणाल्या, मोबदला बांधाला आहे, भावांना नाही, एकत्रच नोंदवा. आता वर नाव कोणाचं, यावर दोघे अडून बसले. दुसऱ्याच्या खाली सही करायला एकही तयार होईना. तेव्हा जावांनीच पुढे होऊन सह्या केल्या, शेजारी शेजारी.

पुढच्या पेरणीला बागायतदार स्वतः धाकटीच्या दाराशी आला. खुरपणी तुंबली आहे, उद्यापासून ये, म्हणाला. ती अंगणात बियाणं निवडत बसली होती. उठली नाही.

"उद्या नाही जमणार, मालक. बांध सांभाळायचाय."

"बांधाला काय सांभाळायचं? काहीच तर करायचं नसतं."

"तेच तर," धाकटी म्हणाली. "तुमचा उतार केवढा, तरी तुम्हाला जमतंय. आम्ही अजून शिकतोय."