रुख्माची पात

“एकटी कशी गाशील, मावशी? रोवण्याचं गानं दोघींचं राहते,” म्हणत श्यामलालनं यादीतलं धुरपताबाईचं नाव खोडायला पेन्सिल काढली.

“खोडून तं पाय! गाईन म्हनलं तं गाईन.”

श्यामलाल आमच्या कामठ्याच्या कला मंडळाचा सेक्रेटरी. श्रमदानातून बांधलेल्या समाजमंदिरात उद्या, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी, लोकगीतांचा पहिलाच कार्यक्रम होता. मी, खुशाल, ढोलकीवर. खोटं कशाला सांगू, मलाही श्यामलालचंच पटत होतं.

धुरपता आणि रुख्मा तीस वर्षं धानाच्या बांधीत शेजारशेजारच्या पट्ट्यात, आपापली पात धरून रोवायच्या. धुरपता गाण्यातून विचारायची, रुख्मा उत्तर द्यायची. या श्रावणात अर्धा रोवणा बाकी असताना रुख्मा तापानं गेली. हे गाणं गावात तिसऱ्या कोणाला येत नव्हतं.

“तिच्या ओळी तूच म्हन ना,” मी म्हणालो.

“मले येत नाई.”

“तीस वर्सं आयकल्या ना वो?”

“ती गाये तवा मी दम घेवो, खुशाल. तिच्या ओळी तिच्याच तोंडी. मी कायले पाठ करू?”

रुख्माची लेक शामकला जवळच्याच गोरेगावला दिलेली. धुरपताबाई त्या ओळींसाठी तिच्याकडेही जाऊन आली होती. पण आई घरी कधी गायलीच नाही, असं लेकीनं सांगितलं.

“बरं, गाऊन दाखव,” श्यामलाल कंटाळून म्हणाला.

ती मंचावर उभी राहिली. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. श्यामलालनं माझ्याकडे पाहिलं.

“उभ्यानं कोन रोवते, बाप्पा?” ती स्वतःवरच खेकसली. लुगडं वर खोचलं, कमरेत वाकली, डाव्या हातात रोपांची जुडी असल्यागत मूठ धरली. आणि आवाज आला, पार मागच्या भिंतीपर्यंत!

“कोन्या तलावाचं पानी माह्या बांधीले वो?”

मग ती गप्प झाली. उजवा हात मात्र थांबला नाही. फरशीवर चार रोपं लावली, एक पाऊल मागे सरकली आणि पुढची ओळ उचलली. पुन्हा तेवढीच गप्प. तिसऱ्यांदा माझ्या ध्यानात आलं, ही जागा रुख्माच्या ओळीची. बरोबर तेवढीच लांब. माझा हात तिथे ढोलकीवर पडेना. मला रडू आलं, लपवत नाही.

“मधात लोक हासतीन, मावशी,” श्यामलाल हळूच म्हणाला.

“हासू दे. हासून हासून चूप बसतीन.”

त्यानं पेन्सिल उचलली. तिचं नाव राहू दिलं आणि त्याच्याशेजारी लिहिलं, रुख्माबाई.

धुरपताबाई मागे सरकत माझ्या शेजारपर्यंत आली होती. वाकलेलीच होती. मान वळवून म्हणाली, “ढोलकी उचल, खुशाल. रुख्माच्या पातीत बसून राहिला तू.”

मी ढोलकी उचलली आणि पार कडेला जाऊन बसलो.